बी.एस्सी. बायो ते विज्ञानाचा वर्ग : पुण्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

शाळेत जीवशास्त्र नावाचा तास नसतो. बी.एस्सी.ला बॉटनी-झूलॉजी घेणाऱ्या बहुतेकांना हे कळतं ते बी.एड.ला आल्यावर, आणि तोवर फिजिक्सच्या वह्या रद्दीत गेलेल्या असतात. राज्य मंडळाच्या शाळेत सहावी ते आठवी ‘सामान्य विज्ञान’ आणि नववी-दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’, दहावीला त्याचीच दोन पुस्तकं: भाग १ आणि भाग २. दहावीच्या भाग २ मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र असं आपलं सगळं माहेर आहे. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगं, आवर्ती वर्गीकरण. बोर्डाच्या परीक्षेत दोन्ही भागांना ४०-४० गुण, वर २० गुण प्रात्यक्षिकाचे. शाळेत विज्ञानाचे दोन शिक्षक असले तर भागांची वाटणी होते, एकच असला तर सगळं त्याच्याच गळ्यात. आणि गणिताला माणूस कमी पडला की वेळापत्रक करणाऱ्या पर्यवेक्षकांची पहिली नजर विज्ञानवाल्यांकडे वळते.

तेव्हा पदवी जीवशास्त्राचीच घ्या, आवड तीच असेल तर तीच घ्यायला हवी. फक्त पहिल्या वर्षापासून ‘मी विज्ञान शिकवणार आहे’ हे धरून शिका. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिते आहे. मी अनुदानित मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा कल तिकडे आहे हे आधीच सांगते.

रस्ता केवढा आहे

बारावी सायन्स (बायोलॉजीसह), तीन वर्षांची बी.एस्सी., दोन वर्षांचं बी.एड. म्हणजे बारावीनंतर किमान पाच वर्षं. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. अनुदानित खासगी किंवा जिल्हा परिषद-महापालिकेच्या शाळेत जायचं तर अभियोग्यता चाचणी (टेट) आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड., म्हणजे आणखी दोन वर्षं.

दुसरा एक रस्ता आहे, चार वर्षांचा एकत्रित बी.एस्सी. बी.एड. त्याला सध्या आयटेप म्हणतात आणि प्रवेश एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या एनसीईटी परीक्षेतून होतो. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत महाराष्ट्रातली मुलं पूर्वीपासून जात आली आहेत. एक वर्ष वाचतं. ज्यांचं बारावीतच पक्कं ठरलंय त्यांनी ही परीक्षा जरूर द्यावी. पण अठराव्या वर्षी ‘मला शिक्षकच व्हायचंय’ असं छातीठोक सांगणारी मुलं थोडी असतात. बाकीच्यांना आधी पदवी, मग बी.एड. हाच क्रम बरा. मधल्या तीन वर्षांत मन बदललं तर एम.एस्सी., जैवतंत्रज्ञान, स्पर्धा परीक्षा ही दारं उघडी राहतात.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाच्या बी.एड.चा उल्लेख आहे. त्याच्या भरवशावर आज चौथं वर्ष धरून बसू नका. प्रवेशाची जाहिरात हातात येईल तेव्हा बघता येईल.

कॉलेज आणि विषय

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.एस्सी.ला सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर मेरिट लिस्ट लागते. फर्ग्युसन, एस. पी., मॉडर्न, गरवारे, वाडिया ही जीवशास्त्राची जुनी, नांदती खाती असलेली कॉलेजं. नाव पाहून हुरळण्याआधी एक काम करा. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजात चक्कर मारा आणि बॉटनी किंवा झूलॉजीची प्रयोगशाळा बाहेरून का होईना, बघून या. सूक्ष्मदर्शक टेबलांवर आहेत की कपाटात कुलूपबंद, काचेच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतात की नाही, आवारात चार झाडांना नावाच्या पाट्या आहेत का. एवढ्यावरून खात्याचा जीव कळतो. माहितीपुस्तिकेतल्या गुळगुळीत फोटोंवरून कळत नाही.

विषयांची निवड हा या लेखातला सगळ्यात महागात पडू शकणारा मुद्दा आहे. आता मेजर-मायनरची (मुख्य विषय आणि जोडविषय) रचना आली आहे. मेजर बॉटनी किंवा झूलॉजी घ्या आणि मायनर शक्यतो केमिस्ट्री. दहावीच्या भाग १ मधला बराच मोठा भाग रसायनशास्त्राचा आहे आणि ते पदवीपर्यंत हातात राहिलं तर शाळेत निम्मं ओझं उतरतं. ओपन इलेक्टिव्हमध्ये गणित किंवा संख्याशास्त्राचं काही मिळत असेल तर सोडू नका, तिथे उगाच सोपे गुण शोधू नका.

मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजीबद्दल नेहमी विचारणा होते. दोन्ही छान विषय आहेत, त्यांतून बी.एड.लाही जाता येतं. पण पुढे कनिष्ठ महाविद्यालयाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा ‘वनस्पतीशास्त्र’, ‘प्राणीशास्त्र’, ‘जीवशास्त्र’ हे शब्द असतात आणि बायोटेकवाल्यांना आपला विषय त्यात कसा बसतो हे टेबलाटेबलावर पटवत फिरावं लागतं. शिक्षकी पेशाच डोळ्यांसमोर असेल तर ही कटकट विकत का घ्या?

राहणं, खाणं, पैसे

बाहेरगावाहून येणाऱ्यांपैकी बरेच जण सदाशिव-नारायण पेठेत, नाहीतर कर्वेनगर-कोथरूडकडे कॉट बेसिसवर राहतात. पेठेत अभ्यासिका आणि मेस पायाखाली, पण स्पर्धा परीक्षावाल्यांच्या गर्दीमुळे कॉटचे दर चढे. कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरा. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, तिथे मुलाखत घेऊन प्रवेश देतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी नव्याने करायचा असतो आणि दरवर्षी कुणीतरी तो विसरतंच. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे, काम कॉलेजातच मिळतं. लाज वाटून घेऊ नका.

जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला यांची कामं गावी असतानाच मार्गी लावा. पुण्यातून तहसीलला फेऱ्या मारणं परवडत नाही. पडताळणीचं प्रमाणपत्र तर बी.एड. प्रवेशापासून पवित्रपर्यंत सगळीकडे आडवं येतं.

तीन वर्षांत खरं काय कमवायचं

थिअरी सगळेच वाचतात. शिक्षक होणाऱ्याची कमाई प्रात्यक्षिकाच्या टेबलावर होते आणि तिथेच मुलं सर्वांत जास्त अळमटळम करतात. एकाने स्लाइड करायची, बाकी चौघांनी जर्नलात आकृती छापायची, ‘स्पॉटिंग’ला (नमुने ओळखायच्या परीक्षेला) आदल्या रात्री मोबाइलवरचे फोटो पाठ करायचे. मार्क मिळतात. पण शाळेत साठ मुलं आणि एकच सूक्ष्मदर्शक समोर असेल तेव्हा तो फोकस तुम्हालाच करायचा असतो, तोही बेल व्हायच्या आत.

रिओचं उदाहरण घेते. पान वरून हिरवं, खालून जांभळं असलेलं हे शोभेचं झाड पुण्यातल्या अर्ध्या सोसायट्यांच्या कडेने लावलेलं असतं, त्यामुळे फुकट आणि बारमाही. पान आडवं दुमडून तिरकं फाडायचं, म्हणजे खालच्या बाजूचा पातळ जांभळा पापुद्रा सुटतो. कात्री नको, ब्लेड नको. पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळूच सोडायची. सरळ टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि मग सगळा वर्ग ‘बाई, पेशी दिसली’ म्हणत काळ्या कडेचा गोल बुडबुडाच बघत बसतो. नीट जमलं तर जांभळ्या पेशींच्या फरशीत मधेमधे हिरवट ओठांसारखी पर्णरंध्रं उघडी दिसतात. रंग द्यायचीही गरज नाही. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते ओढून घ्यायचं. काही मिनिटांत प्रत्येक पेशीतला जांभळा भाग भिंतीपासून सुटून आक्रसायला लागतो. परासरण (ऑस्मोसिस) शब्दात शिकवायला दोन तास लागतात, इथे मुलं स्वतःच ‘बाई, आटतंय!’ म्हणून ओरडतात.

मग प्रश्न येतो, आणि तो हमखास मागच्या बाकावरून येतो: पान जांभळं आहे, मग ते अन्न कसं तयार करतं? वरची बाजू दाखवायची आणि पुढे जायचं, असं करू नका. पान उजेडाकडे धरायला सांगा. सुटीत मुलं आवारातली लाल-जांभळी पानं गोळा करून आणतात आणि पुढचा तास त्यांच्याच प्रश्नांवर चालतो. हे सगळं करायला खर्च शून्य. पण कॉलेजात हात बसलेला नसेल तर वर्गात धाडस होत नाही.

असे पंधरा-वीस प्रयोग तीन वर्षांत आपल्या हातचे करा: कांद्याचा पापुद्रा, लाल शाईच्या पाण्यातलं तेरड्याचं खोड, जास्वंदीच्या फुलाचं विच्छेदन, पावावरची बुरशी, गवत कुजवलेल्या पाण्यातले आदिजीव, केळ्यातून मीठ-साबण आणि थंडगार स्पिरिट वापरून सुटणारे डीएनएचे धागे. प्राण्यांची चिरफाड आता पदवीला जवळपास बंदच झाली आहे, त्याबद्दल हळहळू नका. शाळेत ती तुम्हाला करायचीच नाहीये.

फळ्यावरची आकृती हा स्वतंत्र अभ्यास आहे. पीपीटी असते, स्मार्ट बोर्ड असतो, आणि वीजही जाते. मानवी हृदय, नेफ्रॉन, पेशी आणि फुलाचा उभा छेद या चार आकृत्या खडूने, पुस्तक न बघता, मुलांशी बोलत बोलत काढता यायला हव्यात. हृदयात एक गंमत आहे. आकृतीतलं डावं अलिंद (वरचा कप्पा) बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं आणि निम्मा वर्ग तिथेच घसरतो. यावर माझा उपाय असा: एका मुलाला वर्गाकडे तोंड करून फळ्याला पाठ टेकून उभं करायचं आणि त्याच्याच डाव्या-उजव्या हाताप्रमाणे आकृतीला नावं द्यायची. फार विचार करून काढलेली युक्ती नव्हे, पण पुन्हा चूक होत नाही.

भाषेचं थोडं. बारावी-बी.एस्सी. इंग्रजीत झालेली असते. मराठी माध्यमाच्या शाळेत मात्र तंतुकणिका, अर्धगुणसूत्री विभाजन, प्रकाशसंश्लेषण असं बोलावं लागतं आणि सेमी-इंग्रजीच्या तुकडीत पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत. दोन्ही अंगवळणी पाडा. बालभारतीची सहावी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं दोन्ही माध्यमांत ई-बालभारतीवर मोफत मिळतात. एकच धडा दोन्हीकडे शेजारी ठेवून वाचा. छापील हवी असतील तर अप्पा बळवंत चौक आहेच, जुनीही मिळतात. पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे विकत घेताना आवृत्ती बघून घ्या.

आणि फिजिक्स. महिन्यातून दोन रविवार दहावीच्या भाग १ मधला एक धडा स्वाध्यायासकट सोडवायचा. एवढं तीन वर्षं केलं तर पुढे टीईटीचा निम्मा अभ्यास झालेला असतो.

पुण्याचा फायदा उठवा

जीवशास्त्र शिकायला पुण्याइतकं सोयीचं शहर राज्यात क्वचितच असेल, आणि इथल्याच मुलांना ते ठाऊक नसतं. आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था १९४६ पासून आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी ती उभी केली. (रस्ता आगरकरांचा आणि संस्था आघारकरांची, पत्ता सांगताना हमखास घोळ होतो.) याच संस्थेतले वा. द. वर्तक आणि पुण्याचेच माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. पर्यावरणाचा धडा शिकवताना ‘ॲमेझॉनचं जंगल’ म्हणण्याऐवजी मुळशी-वेल्ह्याची देवराई सांगितली की मुलं सावरून बसतात. त्यातल्या एखादीच्या मामाचं गाव तिकडचं निघतंच.

कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं. कॉलेजमार्फत पत्र देऊन गटाने भेट ठरवा. दाबून-सुकवून शीटवर चिकटवलेली झाडं एकदा जवळून बघितली की स्वतःचं हर्बेरियम करताना आळस होत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात ते करताना वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात. दोन दिवस विसरलात तर बुरशी, मग तिचीच स्लाइड करा.

पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका शाळकरी मुलांसाठी आहे, पण होऊ घातलेल्या शिक्षकाने तिथे जाऊन बघावं की टाकाऊ वस्तूंतून तत्त्व कसं समजावतात. फिजिक्सची भीती तिथे निम्मी उतरते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या आसपास, बऱ्याच संस्था सगळ्यांसाठी दारं उघडतात. त्या आठवड्यात गावी जाऊ नका.

टेकड्या तर घराजवळच. वेताळ टेकडीवर जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याने एकाच पायवाटेने जा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा: गवत केव्हा फुललं, कोणती फुलपाखरं दिसली, मोराचा आवाज कधी थांबला. गिरिपुष्पाची लागवड कुठे संपते आणि मूळची झाडं कुठे सुरू होतात हे ओळखता आलं की ‘परिसंस्था’ हा शब्द पाठ करावा लागत नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या सर्पोद्यानात विषारी-बिनविषारी साप शेजारी-शेजारी बघून घ्या. शाळेत साप निघाला की सगळे तुमच्याकडेच बघणार आहेत. (पकडायचा नाही. मुलांना लांब न्यायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा.)

बी.एड.

पदवीला किमान ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. तिसऱ्या वर्षात असतानाच राज्य सीईटी कक्षाच्या बी.एड. सीईटीचा अर्ज भरायचा. परीक्षा ऑनलाइन, १०० प्रश्न, ९० मिनिटं: बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. विषयाचं ज्ञान विचारत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचं असेल तर ईएलसीटी हा इंग्रजीचा वेगळा पेपर असतो, त्याची खूण अर्जातच करायची. निकालानंतर कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या होतात. पुण्यात टिळक शिक्षण महाविद्यालय आहे, आदर्श आहे, कर्वे रस्त्यावर मुलींसाठी एसएनडीटीचं आहे, आझम कॅम्पसमध्ये आहे.

पसंतीक्रम भरताना ‘हजेरी न लावता बी.एड.’ची कुजबुज कानावर येईल. नियमाप्रमाणे वर्गाच्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकालाला (इंटर्नशिपला) ९० टक्के उपस्थिती लागते, आणि दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. हे आठवडे चुकवणाऱ्याचं नुकसान कागदावर दिसत नाही, पहिल्या नोकरीत दिसतं.

अध्यापन पद्धतींचे दोन विषय निवडायचे असतात. एक विज्ञान. दुसरा गणित मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. पदवीच्या विषयांवरून तुमचं कॉलेज काय देऊ शकतं ते प्रवेशावेळीच विचारून घ्या. शाळांच्या जाहिराती ‘गणित-विज्ञान’ अशाच जोडीने येतात.

पाठ टाचणांचा डोंगर पाहून घाबरू नका. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन असे रकाने भरताना कंटाळा येतो आणि बऱ्याच जणी सीनियरची वही उतरवतात. उतरवा हवं तर, पण एक रकाना स्वतःचा लिहा: मुलं इथे कोणता चुकीचा अर्थ काढतील? ‘झाडं दिवसा श्वास घेत नाहीत’, ‘डार्विन म्हणाला माणूस माकडापासून झाला’, ‘रक्त शरीरात निळं असतं’. या ठरलेल्या चुका आहेत, दरवर्षी येतात. ज्याची यादी तयार असते त्याचा तास रंगतो.

सराव पाठाला मागच्या बाकावर प्राध्यापक आणि निरीक्षक येऊन बसतात तेव्हा सगळ्यांचाच घसा कोरडा पडतो. पस्तीस मिनिटांच्या तासात एकच मुद्दा धरा. नवख्यांचे बहुतेक पाठ फसतात ते माहितीच्या अतिरेकाने.

टीईटी, टेट आणि पवित्र

इथे दोन परीक्षांचा गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठी पेपर २ द्यायचा: १५० प्रश्न, त्यांतले ३० बालमानसशास्त्राचे, ३०-३० दोन भाषांचे आणि ६० गणित-विज्ञानाचे. पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण, आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही ती बंधनकारक झाली आहे. तेव्हा परीक्षा केंद्रावर शेजारच्या बाकावर पंचेचाळिशीचे गुरुजी दिसले तर दचकू नका, त्यांना पेन द्या.

जीवशास्त्रवाले टीईटीत अडकतात ते गणितात आणि मराठी व्याकरणात. समास आणि प्रयोग सातवीनंतर कुणी पाहिलेले नसतात.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. यात पास-नापास नाही, २०० पैकी मिळालेले गुण हीच तुमची रांगेतली जागा. दोन तासांत २०० प्रश्न: १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. अक्कल असून वेग नसेल तर उपयोग नाही, म्हणून घड्याळ लावूनच सराव. पहिली टेट २०१७ मध्ये झाली, पुढची २०२३ मध्ये, त्यानंतरची २०२५ मध्ये. या अंतरावरून समजून घ्या की एक टेट हुकली तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येत नाही. जाहिरात आली की बी.एड.चं सबमिशन बाजूला ठेवून अर्ज भरा.

या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. प्रोफाइल भरायचं, ते प्रमाणित करायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम द्यायचे. जिल्हा परिषद-महापालिकेची पदं मुलाखतीशिवाय. खासगी संस्थांच्या काही पदांना मुलाखत आणि पाठ असतो. नववी-दहावीच्या पदांना टीईटी लागत नाही, टेट लागतेच. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० असं आहे. पुण्यात एवढ्यात भागवणं जड जातं, आणि पहिली नेमणूक पुण्यातच होईल याची कुणी हमी देत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता पैसे मागणाऱ्यांबद्दल. ‘संस्थेत जागा आहे, एवढे भरा, मान्यता आम्ही आणतो’ असं सांगणारे भेटतात. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी शेत विकून असे पैसे दिले होते. नेमणूकपत्र मिळालं, शिक्षण खात्याची मान्यता आली नाही, आणि ती कितीतरी वर्षं बिनपगारी शिकवत राहिली. २०१९ च्या टीईटीत गुण वाढवून घेतलेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार नंतर अपात्र ठरले. पैसेही गेले, नावही गेलं. संच मान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या यादीत) पद आहे का, जाहिरात पवित्रवर आहे का, शालार्थ आयडी (सरकारी पगारासाठीचा क्रमांक) कसा मिळणार, हे तीन प्रश्न विचारले की असा माणूस विषय बदलतो.

वाट बघण्याचा काळ

भरतीची वाट बघताना रिकामं बसू नये. बाणेर, वाकड, खराडीकडच्या सीबीएसई आणि आयसीएसई शाळांत साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मुलाखती सुरू होतात. तिथे डेमो लेसन महत्त्वाचा. सीबीएसईवाले सीटीईटी (केंद्राची टीईटी) विचारतात, ती देऊन ठेवा. पगार शाळेगणिक वेगळा, म्हणून हातात किती पडणार हे सही करण्याआधी लेखी घ्या. अनुदानित शाळांत कुणी प्रसूती रजेवर गेलं की तासिका तत्त्वावर माणूस लागतो. ही कामं जाहिरातीने मिळत नाहीत. छात्रसेवाकालात ज्या शाळेत होतात तिथल्या मुख्याध्यापकांना अधूनमधून भेटत राहिलं तर फोन येतो. मानधन थोडं, पण साठ मुलांसमोर उभं राहायची सवय होते.

डेमोला जाताना पिशवीत रिओची चार पानं, काचपट्ट्या, ड्रॉपर आणि मिठाची पुडी असू द्या. त्या शाळेचा सूक्ष्मदर्शक चालू निघेलच असं नाही, तेव्हा दहा रुपयांचं भिंगही घ्या आणि त्याने भागेल असा दुसरा पाठ तयार ठेवा.

शेवटचं, आणि सर्वांत कंटाळवाणं. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, बी.एड., टीईटी, आधार आणि जातीचा दाखला या सगळ्यांवर तुमचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे का ते आजच बघा. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलणार असाल तर राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला कागदपत्रांच्या फाइलीत हवाच. एका वेलांटीसाठी पडताळणीच्या टेबलावरून परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मंडळाकडून नावाची दुरुस्ती करून घ्यायला शाळेमार्फत अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत उरकून टाका.